सीनेच्या डोहातली ट्रकची ट्यूब

मित्रांनो, माझ्या अंगावर सात पॅच आहेत. त्यातले सहा मला रस्त्यानं दिले आणि सातवा नदीनं. मी ट्रकच्या मागच्या चाकात राहिलेली काळी रबरी ट्यूब. आता माझं रबर पूर्वीसारखं चमकत नाही, हवा भरायच्या नळीला गंज चढलाय, आणि मधल्या गोलात सुतळीनं पोतं विणून बसवल्यामुळं मी ट्यूब कमी आणि बाजलं जास्त दिसते. तरीही माझी हकीकत ऐकून घ्या.

कारखान्यातल्या गरम साच्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगाला शंखजिऱ्याची पांढरी पूड लावली होती, आंघोळीनंतर बाळाला लावतात तशी. मग घडी, पिशवी, आणि थेट सोलापुरातलं दुकान. तिथून मला मकदूमचाचांनी घेतलं. ते सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन हैदराबादला जायचे आणि येताना तांदूळ आणायचे. टायरच्या आत काळोख असतो, त्यामुळं इतका रस्ता तुडवूनही मी तो कधी पाहिला नाही. ऐकला मात्र भरपूर. डांबर कुठलं, खडी कुठली, पूल कुठला, हे मला आवाजावरून कळायचं.

धाब्यावर गाडी थांबली की चहाच्या आधी चाचा हातात लोखंडी दांडा घेऊन सगळ्या चाकांभोवती फिरायचे. प्रत्येक टायरवर एकेक ठोका. ‘टण्’ वाजलं तर हवा भरपूर, ‘भद्’ वाजलं तर कमी. माझ्यावर ठोका पडला की मी अंग ताठ करून टण् वाजायची. चाचा म्हणायचे, “शाबास बेटी.” मित्रांनो, त्या दोन शब्दांवर मी पुढचे शंभर मैल हसत ओढायची.

मग चाचांचे गुडघे गेले. ट्रक विकला. नव्या गाड्यांना ट्यूब लागेनाशी झाली. चाचांचा जावई नईम याचं सीना नदीकाठच्या गावात पंक्चरचं दुकान आहे. त्यानं मला दुकानापुढच्या लिंबाला टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दुकान दिसावं म्हणून. दोन उन्हाळे मी तशी लोंबकळत काढले. उन्हानं रबर तडकतं, हे सांगूनही कुणाला ऐकू गेलं नसतं. कावळे येऊन माझ्यावर बसत आणि मी मनातल्या मनात टण् वाजून बघत असे.

मला तिथून खाली काढलं अनिसानं. अनिसा म्हणजे मकदूमचाचांची लेक आणि नईमची बायको. तिला लहानपणापासून मासे धरायचा नाद. गावाच्या वरच्या अंगाला बंधारा आहे, त्यात पाणी तुंबून मोठा डोह झालाय. अनिसा संध्याकाळी एक लांब दोरी डोहात सोडायची. दोरीचं एक टोक काठावरच्या बाभळीला, दुसरं मधल्या खडकाला. त्या दोरीला हातहाताच्या अंतरावर गळ, आणि गळाला गांडूळ. पहाटे जाऊन दोरी धरत धरत पुढं सरकायचं आणि लागलेले मासे काढून घ्यायचे. त्यासाठी तिला बसायला काहीतरी हवं होतं. तिनं माझ्या पोटात पोतं विणलं आणि मला पाण्यात ढकललं. जो रस्ता मी जन्मभर फक्त ऐकला, त्याच्यापेक्षा पाणी किती निराळं. पाण्याला खड्डे नसतात.

आता सुकन्याबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

माघातल्या एका दुपारी एक बाई तरातरा चालत दुकानात आली. एका हातात आठ वर्षांच्या मुलीचं मनगट, दुसऱ्या हातात त्याच मुलीची वेणी. सुकन्या सांगोल्याकडच्या माळरानावरची, मेंढपाळांच्या घरातली, कॉलेज शिकलेली. तिच्या नवऱ्याला, बिरुदेवला, जवळच्या साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून दिवाळीनंतर ती सगळी इकडं राहायला आली होती. तिची मुलगी माया आणि अनिसाची मुलगी आयत तिसरीत एका बाकावर बसत.

सुकन्यानं वेणीचा शेंडा अनिसापुढं धरला. शेंड्याला हिरवं शेवाळ होतं.

“ही म्हणते आयतच्या घरी गणितं सोडवत होते,” सुकन्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, थरथरत होता. तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट.

अनिसानं आपल्या लेकीकडं पाहिलं. आयतनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. दोघी पोरींना घरात पिटाळून अनिसानं सुकन्याला पाणी दिलं, बसायला टायर दिला. मग म्हणाली, “ताई, नदी हितं घरामागं हाय. पोरीला धरून धरून किती दिवस धरशील? पोहाय शिकव की तिला.”

“मलाच येत नाही,” सुकन्या म्हणाली. “आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. घागरीच्या बाहेरचं पाणी मला कळत नाही.”

“मग आधी तू शीक,” अनिसा हसत म्हणाली.

ती चेष्टेत बोलली होती. पण सुकन्यानं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, “कधी?” नईमच्या हातातला पाना थांबला. अनिसाचं हसू थांबलं. मग तिनं सांगितलं की परवा पहाटे ती गळ काढायला जाणार आहे. तेवढ्यावर ती बाई उठून गेली, भांडायला आली होती हे विसरून.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं, सुकन्या आणि अनिसा माझ्यासमोरच बोलल्या म्हणून. सुकन्याच्या सासूबाई केराबाई. त्यांचं म्हणणं असं की आपण मेंढरांमागं फिरणारी माणसं, आपलं आणि नदीचं काय देणंघेणं? मेंढरूसुद्धा खोल पाण्याला पाय लावत नाही, त्याला माणसापेक्षा अक्कल जास्त. सुकन्या ऐकेना, तेव्हा त्यांनी बोली केली. “जा तू. पर तितं काय बी इपरीत झालं, तर शाळंला सुट्टी लागली की माया तिच्या मामाकडं. कायमची. सांगुल्याला. तितं नदी न्हाय.”

सुकन्या कबूल झाली. लेक आपल्याजवळ राहणार की कायमची मामाकडं जाणार, हे तिनं एका पहाटेवर लावलं. मला विचारलंत तर एवढी जोखीम मकदूमचाचांनी घाटात ओव्हरटेक करतानाही घेतली नव्हती.

पहाटे अनिसानं मला हारासारखं खांद्यात अडकवलं. चांदणी अजून होती. सुकन्या बंधाऱ्याच्या वाटेवर उभीच होती. अंगात कॉलेजमधली एनसीसीची पँट, वर बिरुदेवचा शर्ट, आणि हातात दोन पिशव्या. एका पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल, हळद, बँडेज, बॅटरी, शिट्टी. दुसरीत तिनं नईमकडून आदल्या दिवशी मागून नेलेला पायपंप.

“डोहावर चाललोय का पुण्याला?” अनिसा म्हणाली.

सुकन्यानं पिशव्या खाली ठेवल्या. तिनं मला अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, “ही मऊ लागतेय.”

तिचं बरोबर होतं. नईमनं मला दुपारच्या उन्हात टणक फुगवलं होतं. पहाटेच्या गारठ्यात हवा आक्रसते आणि मी थोडी ढिली पडते. अनिसाला हे माहीत होतं, तिनं तसं सांगितलंही. पण सुकन्याला सांगून चालत नसे, तिला दिसावं लागे. तिनं मला काठाच्या पाण्यात बुडवलं आणि बॅटरीच्या उजेडात इंच इंच फिरवत बुडबुडे शोधले. एकही निघाला नाही. तरी तिनं पंप तीसदा दाबला. मित्रांनो, मकदूमचाचांनंतर इतक्या जिव्हाळ्यानं मला कुणी तपासलं नव्हतं.

तेवढ्यात मागं काटक्या मोडल्या. घोंगडी पांघरलेल्या केराबाई, आणि त्यांच्या बोटाला पेंगुळलेली माया. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. केराबाई पाण्यापासून चांगल्या दहा पावलांवर एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “चालू द्या तुमचं.”

सुकन्या माझ्यावर बसली. तिच्या दहाही बोटांची नखं माझ्या रबरात रुतली. अनिसा छातीपर्यंत पाण्यात उतरली, एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं दोरी धरून पुढं सरकू लागली. काठ मागं गेला. पाय टेकायची जागा संपली, तेव्हा अनिसा नुसती पाय मारत पोहू लागली. सुकन्याचा श्वास अडकलेला मला कळत होता. माझ्यासारख्या हवेवर जगणाऱ्या वस्तूला दुसऱ्याच्या श्वासाचं लगेच कळतं.

“श्वास सोड की गं,” अनिसा म्हणाली. “फुगून बसायला ती ट्यूब हाय. तू कशाला?”

सुकन्यानं श्वास सोडला. पहिले आठ-दहा गळ रिकामेच निघाले, गांडुळं खेकड्यांनी कुरतडून नेलेली. मग एक चिलापी. मग दुसरी. सुकन्यानं गळातून मासा कसा सोडवायचा ते एकदा पाहून घेतलं आणि पुढचा स्वतः सोडवला. जाळीच्या पिशवीत तो तडफडला तसं तिच्या तोंडावर पाणी उडालं, आणि ती हसली. तिची नखं माझ्यातून निघाली. पूर्वेला उसाच्या फडामागं उजेड पसरत होता. अनिसानं तिला पाय पाण्यात सोडायला लावले. सुकन्यानं सोडले. एवढं पाणी एका जागी असतं आणि ते कुणाचंही नसतं, असं काहीतरी ती पुटपुटली.

मग दोरीला झटका बसला.

मरळ होती. हातभर लांब, काळी, मनगटाएवढी जाड. अनिसानं दोरी उचलली तशी तिनं उसळी घेतली. दोरी ताणली, सुटली, पुन्हा ताणली, आणि शेजारचा रिकामा गळ हवेत फिरून येऊन माझ्या कुशीत घुसला.

मित्रांनो, ट्यूबच्या जातीचा एक नियम आहे. खिळा रुतला तर तो तसाच राहू द्यावा. तो आत असेतोवर भोक त्यानंच बुजलेलं असतं, हवा हळूहळू जाते, दुकानापर्यंत पोचता येतं. हे नईमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सुकन्या पंक्चरवाल्याच्या घरातली नव्हती. ती आई होती. पोराच्या पायात काटा दिसला की आईचा हात आधी जातो आणि विचार मागून येतो. तिनं तो गळ धरला आणि उपटून काढला. गळाला उलटं टोक असतं. त्यानं येताना माझं रबर फाडलं.

फस्स्‌स.

“उपटलास व्हय?” अनिसा म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सुकन्याला काय झालं ते त्याच क्षणी कळलं. तिनं उजव्या हाताचा अंगठा भोकावर दाबला. आवाज थांबला. तोवर माझी तिसरा हिस्सा हवा गेली होती आणि पोतं पाण्याखाली बसू लागलं होतं.

“अंगठा काढू नको. जीव गेला तरी काढू नको,” अनिसा म्हणाली.

“जीव घालवायला नाही आले मी,” सुकन्या म्हणाली. दातांवर दात वाजत होते, तरी शब्द नीट आले.

अनिसानं तिला सांगितलं की आता वर बसून चालणार नाही, भार जास्त होतोय. पाण्यात उतर, डावा हात ट्यूबवर टाक, हनुवटी टेकव आणि पाय मार. घागरीच्या बाहेरचं पाणी न कळणारी ती बाई माझ्यावरून घसरली आणि गळ्यापर्यंत सीनेत गेली. नाकात पाणी गेलं. ती ठसकली, खोकली. पण अंगठा हलला नाही. अनिसानं दोरी धरून ओढायला सुरुवात केली. ओढ जड होती. सुकन्याचे पाय धडपडत होते, पण जागच्या जागी.

काठावर केराबाई उभ्या राहिल्या होत्या. घोंगडी खाली पडली होती. ओरडली ती माया.

“आई, गुडघे वाकवू नको. पाय सरळ ठेव. सरळ, कात्रीसारखे.”

सुकन्यानं पाय सरळ केले.

“आता हळू मार. घाई केली की दम लागतो. तोंड मिटून नाकानं सोड.”

आम्ही सरकू लागलो. माया काठानं आमच्याबरोबर चालत, एकेक गोष्ट सांगत होती, पंचवीस वर्षं पोहणाऱ्यासारखी. मी पाहिलं, केराबाईंची नजर आता आमच्यावर नव्हतीच. ती नातीवर होती. इतकं सगळं त्या पोरीला घरात बसून आलेलं नव्हतं, हे कळायला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

पायाला चिखल लागला तसं दोघींनी मला काठावर ओढलं. अनिसा आडवी पडून हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. सुकन्या चिखलात गुडघे टेकून बसली. अंगठा अजून माझ्यावरच. तिला तो उचलताच येईना. शेवटी केराबाई पाण्याच्या कडेपर्यंत आल्या, वाकल्या आणि एकेक बोट सोडवून त्यांनी सुनेचा हात मोकळा केला. अंगठा पांढरा पडला होता. मी उरलेली हवा सोडून दिली.

“नाकात पाणी गेलं?” केराबाईंनी विचारलं.

“गेलं, आत्या.”

“मंग बोली काय ठरलीती?”

सुकन्यानं तोंडावरचे केस मागं सारले. “बोली ठरली होती. मी मोडते. मायाला मी पाठवणार नाही. तिकडं नदी नाही, पण विहिरी आहेत, आणि ही विहिरीत उतरल्याशिवाय राहायची नाही. मी रोज पहाटे इथं येणार. मला आलं की मग तिला सगळ्यांसमोर उतरवणार. चोरून नाही.”

केराबाई वळल्या. मग त्यांनी नातीला विचारलं, “किती दिस झालं गं येतीस?”

माया आजीच्या लुगड्यामागं गेली. तिथूनच म्हणाली, “संक्रांतीपासनं.”

खाली पडलेली घोंगडी केराबाईंनी उचलली, झटकली, परत अंगावर घेतली. “मंग मी बी येणार,” त्या म्हणाल्या. “रोज. बगते काय करता ते.” होकार असा नव्हता तो. पण सांगोल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

“मरळ राहिली की,” सुकन्या एकदम म्हणाली. अनिसा डोळे पुसत उठली, दोरी धरून पोहत गेली आणि तिला घेऊन आली. दुपारी दोन्ही घरांत अर्धी अर्धी शिजली.

माझं काय होणार, ते मात्र ठरलं नव्हतं. नईमनं भोक पाहिलं आणि मान हलवली. रबर उतरलंय, म्हणाला, हिच्या आता पट्ट्या कापतो, सामान बांधायला होतील. त्यानं कात्री उचलली. तेव्हा सुकन्या दुकानातल्या त्याच टायरवर येऊन बसली. “भाईजान, पॅच लावा. मी थांबते.” नईमनं सांगून पाहिलं की दुसरी चांगली ट्यूब देतो. ती नको म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. नईमनं रबर घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच दाबून धरला. तो वाळेपर्यंत ती उठली नाही. मग बादलीत बुडवून बुडबुडे स्वतः पाहिले.

त्यानंतरच्या पहाटांचं काय सांगू? रोज ती यायची. पाणी प्यायची, खोकायची, परत उतरायची. एकदा पायात गोळा आला, एकदा साप दिसला. दुसऱ्या दिवशी ती हजर. अनिसा तिला शिव्या घालून शिकवायची आणि नंतर गरम चहा पाजायची. चैत्रात एका सकाळी सुकन्या बाभळीपासून खडकापर्यंत गेली आणि परत आली. मला हात न लावता. मी काठावर पडून पाहत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मायाची पाळी. केराबाईंनी येताना घरून एक दोरी आणली, मेंढरं कोंडायच्या जाळीची, वाघरीची, लांब आणि चिवट. तिचं एक टोक त्यांनी माझ्या भोवती तीन वेढे देऊन बांधलं आणि दुसरं आपल्या मुठीत धरलं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पसरून मोजत दोन वाव दोरी सोडली. माया कुरकुरली. सुकन्या मायाच्या शेजारी पोहत राहिली. आठवड्यानं दोरी चार वाव झाली, मग सहा.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. तुमच्याकडं माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उन्हात टांगू नका, काट्याकुट्यांत फेकू नका. पाण्यात नेण्याआधी बुडवून बघा, आणि तुमच्या काळजीला कुणी हसलं तरी बघाच. काही रुतलं तर घाईनं उपटू नका. आणि एकट्यानं, घरी न सांगता, पाण्याकडं जाऊ नका. माणसांना सोबत न्या. ती भीत असतील, तर त्यांनाही न्या.

काल सकाळी दोरी संपली. मी डोहाच्या मधोमध होते, माझ्यावर माया, एका बाजूला आयत, दुसऱ्या बाजूला सुकन्या. खडक अजून थोडा पुढं होता आणि दोरी ताठ.

“आजी, अजून जरा,” मायानं हाक मारली.

केराबाईंनी मुठीतल्या टोकाकडं पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, आणि पाण्यात एक पाऊल टाकलं. क्षणभर थांबून आणखी एक.

दोरी सैल पडली आणि मी पुढं सरकले.